घर बांधावे हिशेबाने, राखावे नजरेने

गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी आमच्या दुकानावर एक मास्टर आले. उल्हासनगरात जीन्स शिवण्यात त्यांची वीस वर्षे गेली. राहायला भाड्याची खोली, आणि गाव बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्याला. कापडाच्या बिलाच्या पाठीवर त्यांनी घराचा नकाशा काढून आणला होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा. म्हणाले, "शेठ, एवढेच सांगा, स्लॅब टाकू की पत्रे? पावसाच्या आधी घर उभे करायचे आहे."

मी उलट विचारले, "मास्टर, जागेचा सातबारा वाचला का? २००५ च्या पुरात तिथे पाणी कुठवर आले होते? खाली माती कोणती आहे?"

मास्टर गप्प झाले. वीस वर्षांची बचत त्यांनी छपरापासून मोजायला सुरुवात केली होती. आपल्या बहुतेक कारागीर बांधवांचे असेच होते. धंद्यात एक मीटर कापडाचा हिशेब न चुकणारा माणूस घर बांधायला निघाला की हिशेब विसरतो. मी इंजिनियर नाही, कापडाचा व्यापारी आहे. परंतु गावी घर बांधताना एकदा जागेत फसलो, एकदा स्लॅबमध्ये फसलो. ती फी मी भरली आहे, वाचकांनी ती पुन्हा भरू नये म्हणून हा लेख.

आधी कागद, मग कुदळ

माझे शालेय शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठी बोलणे व वाचणे धंद्यामुळे आले, पण सरकारी कागदाची मराठी वेगळी. २००१ मध्ये मी एका जागेचे बयाणे दिले. सातबाऱ्यावर नाव विकणाऱ्याचेच होते, तेवढे पाहून मी खूश झालो. "भोगवटादार वर्ग २" या शब्दांकडे आणि "इतर अधिकार" या रकान्याकडे माझे लक्षच गेले नाही. पुढे कळले की अशी जमीन शासनाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. बयाणे गेले. उर्दू शाळेत शिकलेल्या आपल्या कित्येक बांधवांवर अशी वेळ येते. कागद वाचता येत नसेल तर त्यात लाज नाही, पण न वाचता पैसे देणे हा शुद्ध तोटा आहे.

म्हणून तलाठ्याकडे, ज्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, स्वतः जा. सातबारा, आठ अ आणि जुने फेरफार घ्या आणि विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या वकिलाकडून वाचून घ्या. चार गोष्टी विचारा. जमीन वर्ग १ की वर्ग २? आदिवासी खातेदाराची आहे का? असल्यास बिगर आदिवासीला सरकारी मंजुरीशिवाय ती घेता येत नाही. वनखात्याची नोंद आहे का? आणि शेतजमीन असेल तर आपण स्वतः शेतकरी खातेदार आहोत का? १९४८ च्या कूळ कायद्याने बिगर शेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास परवानगी लागते.

गावठाणातील घरजागेबाबत एक गैरसमज फार आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रके देण्याचे काम सुरू झाले. आपल्या गावात ते झाले असेल तर पत्रक काढून घ्या. आणि नोटरीच्या शिक्क्यावर जागा घेण्याचा जो रिवाज आपल्या भागात पडला आहे, तो सोडा. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवले नाही तर मालकी मिळत नाही.

पाण्याला विचारून जागा ठरवा

आपल्या भागात उल्हास आणि वालधुनी या दोन नद्या. २६ जुलै २००५ ला दोन्हींनी काय केले ते उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कल्याणच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी बोटी आणाव्या लागल्या. ज्या शेतात उन्हाळ्यात मुले क्रिकेट खेळतात तिथे पावसाळ्यात होडी चालते, हे जागा दाखवणारा दलाल सांगत नाही.

त्यामुळे जागा पावसाळ्यात पाहा. एप्रिलमध्ये प्रत्येक जागा चांगलीच दिसते. गावातील वडीलधाऱ्यांना विचारा की २००५ ला पाणी कुठल्या झाडापर्यंत, कुठल्या पायरीपर्यंत आले होते. त्या खुणेपेक्षा जोते निदान दोन फूट वर हवे. तेवढे उंच करणे परवडत नसेल तर जागा बदला. नदीकाठी पाटबंधारे खाते पूररेषा आखते. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचेच नाही. दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधण्यावर बंधने आहेत, ती आधी विचारून घ्यावीत.

पाया आणि जोते

भातखाचराची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर ठेवलेली भिंत दोन-तीन वर्षांत तिरकी तडकते. कुदळीला कठीण मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत पाया खणा, मग ते तीन फुटांवर लागो की सहा फुटांवर. "चार फूट पुरे" असे गवंडी म्हणाला तर त्याला मुरूम दाखवायला सांगा. मुरूम फारच खोल असेल तर इंजिनियरचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायाला आपला काळा दगड उत्तम. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधले, याच काळ्या दगडाचे आहे आणि वालधुनीच्या काठी आजही उभे आहे. परंतु दगडाची भिंत सांधणे ही कला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. त्यातील मोठे कारण म्हणजे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड धाबे. भिंतीचे आतले व बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते, त्यामुळे ते सुटे होऊन पडले. म्हणून दगडी भिंतीत दोन्ही थरांना जोडणारे लांब दगड ठरावीक अंतरावर बसवा, आणि जोत्यावर व दारे-खिडक्यांच्या वर सळयांचा काँक्रीटचा पट्टा चारही बाजूंनी सलग फिरवा.

जोत्यावर ओल अडवणारा थर घालायला विसरू नका. दीड इंच जाडीचे, जलरोधक पावडर मिसळलेले काँक्रीट सर्व भिंतींखाली सलग टाकायचे. हे काम एका दिवसाचे आणि खर्च थोडा. पण हा थर नसेल तर ओल भिंतीतून वर चढते आणि दरवर्षी रंग व प्लास्टर सोलून काढते. नंतर त्यावर उपाय करणे महागात पडते.

जुने लोक जोत्याला एक पावसाळा दाखवत असत. भरणी पाण्याने बसते, मग जमीन खचत नाही. ज्यांना व्याजाच्या कर्जात न पडता बांधायचे आहे त्यांच्यासाठी ही पद्धत दुहेरी फायद्याची. यंदा जोते बांधा, पुढच्या दिवाळीपर्यंत पैसा जमवा, मग भिंती उभ्या करा.

माल मोजून आणि तोलून घ्या

कापड आपण मीटर लावल्याशिवाय घेत नाही. मग लोखंड डोळे झाकून का घ्यावे? सळईच्या वजनाचे गणित सोपे आहे. मिलिमीटरमधील व्यासाला त्याच व्यासाने गुणा आणि १६२ ने भागा, एका मीटरचे वजन किलोत मिळते. १२ मीटर लांबीची १२ मिलिमीटरची सळई सुमारे १०.६५ किलो भरते, ८ मिलिमीटरची सुमारे ४.७५ किलो. थोडा फरक चालतो, पण गाडीतील दहा सळया वेचून तोलल्या आणि प्रत्येकीत किलोभर कमी भरले तर माल परत पाठवा.

रेतीसाठी काचेची बाटली पुरे. निम्मी बाटली रेती, वर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा आणि तीन तास ठेवा. रेतीवर गाळाचा थर बसेल. रेतीची उंची शंभर धरली तर गाळ आठाच्या वर नको. खाडीची खारट रेती स्लॅबमध्ये घालू नका, तिच्यातील मीठ सळया खाते. आजकाल दगड चुरून केलेली रेती मिळते, तीही याच बाटलीने तपासा. लक्षात ठेवा, ओलसर रेती फुगते आणि मापात चौथाईपर्यंत जास्त दिसते. म्हणजे गाडीभर रेतीत आपल्याला कमी माल मिळतो.

विटा कल्याण-बदलापूरच्या आसपासच्या भट्ट्यांवरून येतात. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज यावा. कोरडी वीट तोलून चोवीस तास पाण्यात ठेवा. तीन किलोची वीट सहाशे ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायली तर ती कच्ची. आणि विटा भिजवूनच लावा, नाहीतर त्या मसाल्यातील पाणी शोषून घेतात.

सिमेंटची गोणी ५० किलोची, मापाने ३५ लिटर. तेवढाच लाकडी फर्मा करून घ्या. घमेल्याच्या अंदाजाने काम करू देऊ नका. स्लॅबसाठी एका गोणीला दीड फर्मा रेती, तीन फर्मे खडी आणि फार तर ३० लिटर पाणी. गवंड्याला पातळ माल आवडतो कारण तो लवकर पसरतो, पण जास्तीचे पाणी उडून गेले की त्या जागी बारीक छिद्रे राहतात आणि तिथून पाऊस आत येतो. सिमेंट जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर ठेवा. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची पाचव्या हिश्श्याची ताकद गेलेली असते, म्हणून स्वस्तात मिळाले तरी साठा करू नका.

स्लॅब की पत्रे?

आता मास्टरांचा प्रश्न. उल्हासनगरात मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसे मेली. आपल्यापैकी कित्येकजण अशाच जुन्या इमारतींत राहतात. महानगरपालिका हद्दीत ३० वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्याने आवश्यक आहे, ती आपल्या इमारतीची झाली का ते जरूर विचारा. स्लॅब म्हणजे पक्के घर ही समजूत अर्धवट आहे. नीट झालेला आणि नीट राखलेला स्लॅबच पक्का.

माझीच गोष्ट सांगतो. २००९ साली ठेकेदाराने आणि मी मिळून घाई केली. मे महिन्याच्या अखेरीस स्लॅब टाकला, पाणी चार दिवस मारले, सळयांखाली ठोकळे न लावता त्या थेट फळ्यांवर ठेवल्या. तिसऱ्या पावसाळ्यात छताला तांबूस रेषा दिसू लागल्या. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट फोडते. दुरुस्तीत मूळ स्लॅबच्या निम्मा खर्च गेला.

म्हणून स्लॅब टाकायचा तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत टाका. सळयांखाली निदान २० मिलिमीटरचे ठोकळे हवेत. स्लॅबवर मातीचे वाफे करून किमान दहा दिवस, शक्य तर चौदा, पाणी उभे ठेवा. टेकू चौदा दिवसांच्या आत काढू देऊ नका. वर उतार देऊन विटांच्या तुकड्यांचा कोबा करा आणि गच्चीत तीन दिवस पाणी साठवून गळती तपासा. सळया किती व कुठे, हे मात्र इंजिनियरकडून लिहून घ्या. शेजाऱ्याचा स्लॅब पाहून आपला टाकू नका.

एवढा पैसा हाती नसेल तर उतरते छप्पर कमी दर्जाचे मानण्याचे कारण नाही. शंभर इंच पाऊस पडणाऱ्या मुलखात आपल्या पूर्वजांनी कौलेच पसंत केली. कौलांना उतार भरपूर ठेवा, दोन फुटांमागे निदान एक फूट. छप्पर भिंतीच्या बाहेर अडीच-तीन फूट आले पाहिजे. पत्रे असतील तर खिळा किंवा हूक नळीच्या उंचवट्यावर, रबरी वायसर लावून मारा, खोलगट भागात मारल्यास तिथून गळणारच. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते कापू नका, फोडू नका. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक आहे. पावसाची झड पश्चिम आणि नैऋत्येकडून येते, त्या बाजूला मोठ्या खिडक्या ठेवल्या तर वर रुंद छज्जा हवाच. स्वयंपाकघर कुठे व किती मोठे, हे घरातील बाईमाणसांना विचारून ठरवा. दिवसाचे आठ तास तिथे त्यांना काढायचे असतात.

संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान ५० फूट दूर ठेवा. दोन खड्ड्यांची पद्धत चांगली. एक भरला की दुसरा सुरू करायचा, पहिला दोन वर्षे बंद ठेवला की त्याचे खत होते.

ठेका आणि वही

मजुरीचा ठेका द्या, माल स्वतः आणा. मालासकट ठेका दिला की माल कोणता आला हे कळत नाही. काम, दर, मुदत आणि पैशाचे टप्पे कागदावर लिहा व दोघांनी सही करा. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला कुरआनने दिली आहे. दुकानात आपण ती पाळतो आणि घराच्या कामात "आपलाच माणूस आहे" म्हणून सोडून देतो. भांडणे तिथेच सुरू होतात. रोजंदारीच्या मजुराचे पैसे रोखून धरू नका, परंतु ठेकेदाराच्या रकमेतील शंभरामागे दहा रुपये एक पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवा, आणि तसे आधीच लिहा.

एक वही फक्त घराची ठेवा. रोज किती गोणी वापरल्या, किती माणसे आली, काय बाकी राहिले. एकूण बजेटमधील शंभरातले पंधरा रुपये हात न लावता ठेवा. घराच्या कामात अनपेक्षित खर्च निघतोच. हे पंधरा नसले की काम छपराविना अडते आणि पावसाळा भिंती धुऊन नेतो. गुळगुळीत फरशी, नक्षीचे गेट, रंगीत काच नंतर कधीही बसवता येते. पाया, ओलीचा थर आणि छपराचा उतार नंतर बसवता येत नाही.

वर्षाचे वेळापत्रक

घर बांधून संपत नाही. बांधकामाच्या खर्चातील शंभरावा हिस्सा दरवर्षी डागडुजीसाठी बाजूला काढावा, हा माझा ठोकताळा आहे. त्याचे वेळापत्रक असे.

मे महिन्यात शाकारणी. फुटकी कौले बदला, पत्र्यांचे वायसर तपासा, पन्हळ आणि गच्चीची नळी साफ करा. पागोळ्या जिथे पडतात तिथे खडी घालून चर काढा, म्हणजे पाणी पायाशी मुरणार नाही. भिंतीत पिंपळ-उंबराचे रोप दिसले तर मुळासकट काढा, कापून ठेवले तर ते पुन्हा फुटते.

जुलै-ऑगस्टमध्ये हाती पेन्सिल घेऊन घरात फिरा. जिथे ओल दिसेल तिच्या कडेने रेघ मारून तारीख लिहा. पाऊस गेल्यावर ओल वाळून जाते आणि गवंड्याला गळती सापडत नाही. ही रेघ त्याला जागा दाखवते.

दिवाळीनंतर दुरुस्ती. तड्यावर कागदाची पट्टी आडवी चिकटवून तारीख घाला. महिन्यांनी पट्टी फाटली तर तडा वाढतो आहे. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला रुंद होत जाणारा तिरका तडा बहुधा पाया बसल्याची खूण असते. छतावर तांबूस रेषा म्हणजे सळई गंजली. या दोन्ही वेळी प्लास्टर लावून झाकू नका, जाणकाराला बोलवा. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, चौकटी तपासा. विजेचे अर्थिंगही याच वेळी बघून घ्या.

आणि उन्हाळ्यात पाणी विकत घेणाऱ्यांसाठी एक हिशेब. हजार चौरस फूट छपरावर शंभर इंच पाऊस पडला तर सव्वादोन लाख लिटरच्या वर पाणी येते. पहिल्या दोन-तीन सरी सोडून बाकीचे पन्हळीने टाकीत किंवा गाळून विहिरीत सोडले तर फेब्रुवारी-मार्चची तकलीफ बरीच कमी होते.

मास्टरांनी हे सर्व ऐकले आणि नकाशाचा कागद घडी करून खिशात ठेवला. आठवड्याने फोन आला. सातबारा वाचून घेतला होता, नाव स्वच्छ निघाले. गावच्या एका म्हाताऱ्याने २००५ ची खूण दाखवली, ती त्यांनी ठरवलेल्या जोत्यापेक्षा हातभर वर होती. त्यांनी जागा त्याच शेतात चाळीस पावले वर सरकवली. यंदा फक्त जोते होणार. "शेठ, पोरे विचारतात घर कधी होणार," ते म्हणाले.

मी म्हटले, "त्यांना सांगा, घर जमिनीखाली सुरू झाले आहे."